एवढ्याशा ताऱ्याच्या पदरी एवढा मोठा ग्रह आला कुठून?

सड्यावरचा मास्तर (९ जानेवारी, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. मी राजापूर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. गेल्या आठवड्यात नववीच्या वर्गात सूर्यमालेबाहेरच्या ग्रहांचा विषय निघाला, तेव्हा मी फळ्यावर दोन वर्तुळे काढली. मोठे वर्तुळ टीओआय-६८९४ या ताऱ्याचे आणि लहान वर्तुळ त्याच्याभोवती सव्वातीन-साडेतीन दिवसांत फेरी मारणाऱ्या ग्रहाचे होते. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या या शोधातला तारा सूर्याच्या जेमतेम एक पंचमांश वस्तुमानाचा, थंड, लाल बटू तारा आहे. ग्रह मात्र शनीपेक्षाही आकाराने किंचित मोठा आहे. ग्रहाचा व्यास ताऱ्याच्या व्यासाच्या जवळजवळ दोन पंचमांश भरतो. घरी आल्यावर मी सोललेल्या नारळाशेजारी लिंबू ठेवून पाहिले, तेव्हा ही जोडी नीट डोळ्यांसमोर आली. सूर्य आणि गुरू दाखवायचे तर त्याच नारळाशेजारी भिजवलेला काळा वाटाणा ठेवावा लागतो.

वर्गात एक मुलगी आहे, तिचे वडील होड्या बांधतात. तिने हात वर करून विचारले, "सर, एवढ्याशा लाकडातून एवढी मोठी होडी निघेल कशी?" मी काही बोलणार तोच घंटा वाजली आणि माझी सुटका झाली. पण प्रश्न सुटलेला नाही. ग्रह तयार होण्यासाठी लागणारा माल ताऱ्याभोवतीच्या वायू आणि धुळीच्या तबकडीतून येतो, हे मला ठाऊक आहे. तारा लहान, म्हणजे तबकडीही लहान. मग एवढा माल आला कुठून? जाणकारांनी सोमवारपर्यंत काही सांगितले तर उपकार होतील.

दुसरा प्रश्न स्वार्थाचा आहे. माजी विद्यार्थ्यांनी शाळेला आठ इंची दुर्बीण दिली आहे आणि आमच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, अजून बऱ्यापैकी अंधार आहे. असा एखादा ग्रह आम्हाला "पकडता" येईल का?

ओहोटी (९ जानेवारी, रात्री १०:०५)

मास्तर, लहान घरात मोठा पाहुणा येणे ही कोकणातली मे महिन्याची नित्याची गोष्ट आहे. तो कुठून आला हे आम्ही विचारत नाही, कधी जाणार एवढेच विचारतो.

वर्णपट (९ जानेवारी, रात्री ११:३०)

प्रश्न फार नेमका आहे, त्या मुलीला माझी शाबासकी सांगा. मी मूळची गुहागरची, सध्या पुण्यात प्रकाशकीय उपकरणांचे काम करते. ग्रहशास्त्र हा माझा व्यवसाय नाही, पण त्याच्या शेजारीच माझे टेबल आहे असे समजा.

आधी थोडा इतिहास. लाल बटू ताऱ्याभोवती सापडलेला पहिलाच ग्रह वायुरूप महाग्रह होता. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या आणि युरोपातल्या अशा दोन गटांनी स्वतंत्रपणे जीजे ८७६ या ताऱ्याच्या हेलकाव्यांवरून तो ओळखला. तो गुरूच्या दुपटीहून अधिक वस्तुमानाचा आहे, ६१ दिवसांत फेरी पूर्ण करतो आणि आपल्यापासून केवळ १५ प्रकाशवर्षांवर आहे. तारा हलका असला की ग्रह त्याला जास्त हलवतो: गुरूमुळे आपला सूर्य सेकंदाला साडेबारा मीटर या वेगाने हेलकावतो, तर जीजे ८७६ सेकंदाला दोनशे मीटरहून अधिक वेगाने. त्यामुळे सुरुवातीला वाटले की असे ग्रह भराभर सापडतील. तसे झाले नाही. पुढे अनेक वर्षे शोधूनही ते मोजकेच हाती लागले. ताऱ्याला खेटून फिरणाऱ्या अशा महाग्रहांचे प्रमाण अलीकडच्या मोजणीत हजार लहान ताऱ्यांमागे दोनच्या आसपास निघाले आहे.

आता लाकडाचा हिशेब करू. ढोबळमानाने तबकडीचे वस्तुमान ताऱ्याच्या एक टक्का आणि त्यातली घन धूळ तबकडीच्या एक टक्का धरतात. सूर्य ३,३३,००० पृथ्वींइतका आहे. त्याची तबकडी झाली ३,३३० पृथ्वींची आणि तिच्यातली धूळ ३३ पृथ्वींची. टीओआय-६८९४ साठी हाच हिशेब केला तर तबकडी सुमारे ६७० पृथ्वींची येते आणि धूळ जेमतेम पावणेसात पृथ्वींची. वायुग्रह होण्यासाठी आधी खडक-बर्फाचा गाभा जमावा लागतो. तो साधारण दहा पृथ्वींइतका झाला की भोवतालचा वायू ओढून घेऊ लागतो. मुद्दल पावणेसात आणि गरज दहाची, तीही प्रत्येक कण गाभ्यातच गेला असे धरून. लाकूड खरेच कमी पडते.

आप्पा देवगडकर (१० जानेवारी, सकाळी ६:५०)

वर्णपटताई, हिशेब आवडला, पण मला एक शंका आहे आणि ती सहजासहजी सोडणार नाही. मी आयुष्यभर हिशेब तपासण्याचेच काम केले. या बातम्यांमध्ये "अशक्य ग्रह" असे मथळे येतात, म्हणून मी आकडे स्वतः मांडून पाहिले. ग्रहाचे वस्तुमान ५३ पृथ्वींच्या आसपास आहे, म्हणजे शनीच्या निम्मे. ताऱ्याशी त्याचे प्रमाण काढले तर सुमारे तेराशेस एक असे येते. सूर्य आणि गुरू यांचे प्रमाण १,०४७ ला एक. म्हणजे आपला गुरू आपल्या सूर्याला जितका जड आहे, तितकाही हा ग्रह आपल्या ताऱ्याला जड नाही! लहान सुताराने लहान लाकडातून लहान होडी बांधली, प्रमाण तेच राहिले. तो फुगीर असल्यामुळे नारळाशेजारी लिंबाएवढा दिसतो, एवढेच. यात नवल ते कोणते?

लाटांमागे (१० जानेवारी, सकाळी ९:१५)

आप्पा, असे असेल तर सगळी चर्चाच संपली की. मी मात्र अजून परीक्षेच्या अभ्यासाला बसलेलो नाही, त्यामुळे कोणीतरी आप्पांना उत्तर द्यावे ही विनंती.

वर्णपट (१० जानेवारी, दुपारी १:२०)

आप्पांनी नेमके वर्मावर बोट ठेवले आहे. प्रमाणाच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे अगदी बरोबर आहे. अडचण अशी की गाभ्याची अट प्रमाणात नाही, ती ठोक आहे. दहा पृथ्वींचा गाभा लागतो तो तारा लहान आहे म्हणून दोन पृथ्वींवर भागत नाही, कारण वायूला ओढण्याचे काम गाभ्याच्या स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने व्हायचे असते. त्यात ताऱ्याची मदत नाही. होडीच्याच भाषेत सांगायचे तर फळ्या कमी-जास्त चालतील, पण समुद्रात टिकायला कणा अमुक जाडीचा हवाच, मग सुतार गरीब असो की श्रीमंत.

शिवाय वेळेची मर्यादा आहे. तबकडीतला वायू काही दशलक्ष वर्षांत उडून जातो. लहान ताऱ्याभोवती कक्षेतली गती मंद असते, त्यामुळे कण एकमेकांना भेटायला आणि गाभा वाढायला अधिक काळ लागतो. नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात जायलाच हवी आणि सुतार मात्र सावकाश हात चालवतो आहे, अशी ही परिस्थिती.

आणि प्रमाणाचा युक्तिवाद सगळीकडे लागू होत नाही, हेही पाहा. २०१९ मध्ये स्पेनमधल्या कालार आल्तो वेधशाळेच्या कारमेनेस उपकरणाने जीजे ३५१२ भोवती ग्रह शोधला. तारा सूर्याच्या ०.१२ पट आणि ग्रह किमान ०.४६ गुरू, भागाकार केला तर पावणेतीनशेस एक. २०२३ मध्ये शुभम कनोडिया आणि सहकाऱ्यांनी जाहीर केलेला टीओआय-५२०५ बी हा गुरूहून किंचित जड आहे आणि त्याचा तारा सूर्याच्या ०.३९ पट, तिथे पावणेचारशेस एक. हे ग्रह आप्पांच्या वहीतही बसणार नाहीत.

आप्पा देवगडकर (१० जानेवारी, दुपारी ४:०५)

कणा ठोक लागतो, हे पटले. मी माझी हरकत अर्धी मागे घेतो. अर्धी राखून ठेवतो.

फणसाचे गरे (१० जानेवारी, सायंकाळी ७:३०)

होडीचा विषय चालूच आहे तर सांगतो की या कुळातला एक ग्रह खरोखर तरंगला असता. टीओआय-३७५७ बी हा लाल बटू ताऱ्याभोवतीचा ग्रह २०२२ मध्ये सापडला आणि त्याची सरासरी घनता घनसेंटिमीटरला ०.२७ ग्रॅम भरली. शनी ०.६९ असूनही "पाण्यावर तरंगेल" म्हणून शाळेत मिरवतो; हा त्याच्याही निम्म्याहून हलका आहे. एवढा मोठा समुद्र मिळाला तर नारळ टाकल्यासारखा हा अर्ध्याहून अधिक वर राहील. तेव्हा मास्तर, त्या मुलीला सांगा की होडी फारशी लाकडाची नाहीच, आतून सगळी हवाच आहे.

ओहोटी (१० जानेवारी, सायंकाळी ७:४२)

हे वर्णन आमच्या वाडीतल्या दोन पुढाऱ्यांनाही लागू पडते, पण विषयांतर नको.

लाटांमागे (१० जानेवारी, रात्री ९:००)

माझा प्रश्न मोजमापाचा आहे. ग्रह दिसत तर नाही, ताऱ्याचा प्रकाश किती घटला एवढेच दिसते. मग घनतेपर्यंतचे आकडे एवढ्या ठामपणे कसे सांगतात?

वर्णपट (११ जानेवारी, सकाळी १०:४५)

शुक्राचे अधिक्रमण २००४ आणि २०१२ मध्ये अनेकांनी पाहिले असेल. सूर्यबिंबावरून काळा ठिपका सरकत गेला होता. इथेही तेच घडते, फक्त बिंब दिसत नाही, एकूण उजेडातली घट दिसते. घट किती, ते क्षेत्रफळांच्या गुणोत्तरावर ठरते. गुरू सूर्यासमोरून गेला तर एक टक्का प्रकाश अडेल. टीओआय-५२०५ बी सुमारे सात टक्के अडवतो आणि टीओआय-६८९४ बी तब्बल १७ टक्के. आपल्या घरातला विजेचा दाब उतरतो तेव्हा होते तशी ही घट आहे, डोळ्यांना जाणवावी एवढी.

पण यातून फक्त गुणोत्तर कळते. ताऱ्याची त्रिज्या चुकली की ग्रहाची त्रिज्या चुकते, आणि लाल बटू ताऱ्यांचे माप काढणे हे स्वतंत्र दुखणे आहे. त्यातून आणखी एक फसगत संभवते: सर्वांत लहान तारे आणि तपकिरी बटू (तारा होता होता राहिलेले गोळे) हे सारे आकाराने साधारण गुरूएवढेच असतात. म्हणजे खोल घट दिसली की समोरून गेला तो ग्रह की दुसरा मिणमिणता तारा, हे नुसत्या घटीवरून ठरत नाही. त्यासाठी हेलकावे मोजून वजन करावे लागते. हे तारे बहुतांश प्रकाश अवरक्तात देतात, म्हणून त्यासाठी वेगळी उपकरणे लागतात. टेक्ससमधल्या हॉबी-एबर्ली दुर्बिणीवरचे हॅबिटेबल झोन प्लॅनेट फाइंडर हे त्यांतलेच. टीओआय-५२०५ बी चे वजन त्यानेच केले.

तिसरी फसगत शेजाऱ्यांची. टेस हा उपग्रह एप्रिल २०१८ मध्ये गेला आणि त्याने जवळजवळ सगळे आकाश पिंजून काढले म्हणून तर हे दुर्मीळ ग्रह आता सापडत आहेत. पण त्याच्या कॅमेऱ्याचा एक ठिपका आकाशातले २१ कोनीय सेकंद व्यापतो. रात्री किनाऱ्यावरून क्षितिजाकडे पाहिले तर दोन ट्रॉलर एकाच दिव्यासारखे दिसतात ना, तसे टेसच्या एका ठिपक्यात दोन-तीन तारे मिसळतात. मग घट कोणाची, हे जमिनीवरच्या मोठ्या दुर्बिणीने पाहून ठरवावे लागते.

विजयदुर्गवासी (११ जानेवारी, दुपारी १२:१०)

वर्णपटाचा विषय निघाला आणि विजयदुर्गाचे नाव कोणी घेऊ नये, याचे वाईट वाटले. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर यांनी आमच्या किल्ल्यातून सूर्याचा वर्णपट पाहिला आणि हेलियमचा शोध लावला. किल्ल्यात "साहेबाचे ओटे" आजही आहेत आणि दरवर्षी त्या तारखेला हेलियम दिन साजरा होतो. वायुग्रहांमध्ये हायड्रोजनखालोखाल हेलियमच असतो. म्हणजे या ग्रहांच्या अभ्यासाची पहिली पायरी कोकणात आहे, हे अभिमानाने नोंदवावे.

जुनी पोथी (११ जानेवारी, दुपारी ३:३५)

अभिमान जरूर बाळगावा, पण नोंद तपासून. त्या ग्रहणाचा पट्टा कोकण किनाऱ्यावरून शिरून मछलीपट्टणमकडे गेला, हे खरे. ओटे आहेत, हेही खरे. मात्र लॉकियर त्या दिवशी भारतात नव्हते. फ्रेंच ज्योतिर्विद झान्सेन गुंटूरला होते आणि त्यांनी सौरज्वाळांचा वर्णपट पाहिला. लॉकियर यांनी २० ऑक्टोबर १८६८ रोजी इंग्लंडमध्ये, ग्रहण नसताना, त्याच ज्वाळांचा वर्णपट टिपला आणि पिवळी रेघ सोडियमच्या जागी नेमकी बसत नाही हे ओळखले. ते नवे मूलद्रव्य असल्याचा कयास पुढे त्यांनी मांडला. पृथ्वीवर हेलियम हाती लागला तो १८९५ मध्ये, रॅम्से यांच्या प्रयोगशाळेत.

विजयदुर्गवासी (११ जानेवारी, दुपारी ३:५८)

आमच्या लहानपणापासून आम्ही जे ऐकत आलो ते एका प्रतिसादात खोडून काढणे बरे नव्हे.

जुनी पोथी (११ जानेवारी, दुपारी ४:२०)

ओटे मी खोडलेले नाहीत. ग्रहणाची पडछाया त्या किल्ल्यावरून गेली, एवढे भाग्यही प्रत्येक किल्ल्याला लाभत नाही.

वर्णपट (११ जानेवारी, रात्री ८:१५)

दोघांचे भांडण मिटवण्याइतका माझा अधिकार नाही, पण हेलियमचा धागा इथे खरोखर जुळतो. १८६८ ची रेघ पिवळी होती. आता ग्रहांच्या वातावरणासाठी हेलियमची जी रेघ पाहतात ती १,०८३ नॅनोमीटरवर, अवरक्तात आहे. ग्रह ताऱ्यासमोर असताना ही रेघ जास्त गडद झाली, तर ग्रहाच्या वरच्या थरातून हेलियम निसटत आहे असे समजते. २०१८ मध्ये वास्प-१०७ बी या ग्रहाभोवती तो पहिल्यांदा सापडला आणि २०२० मध्ये जीजे ३४७० बी या लाल बटू ताऱ्याभोवतीच्या नेपच्यूनसदृश ग्रहाभोवती. त्या दुसऱ्या शोधात वर उल्लेखलेले टेक्ससचेच उपकरण होते.

वातावरणाच्या अभ्यासात सध्या सर्वांत मोठा अडथळा मात्र ग्रहाचा नसून ताऱ्याचा आहे. लाल बटू ताऱ्यांवर डाग फार असतात. ग्रहाच्या कडेतून गाळून आलेला उजेड आपण वाचायला जातो आणि त्या उजेडावर ताऱ्याच्या डागांचे ठसे आधीच उमटलेले असतात. वेब अवकाश दुर्बिणीने टीओआय-५२०५ बी ची अधिक्रमणे पाहिली तेव्हा हेच आढळले. डागांचा वाटा वजा केल्यावर ग्रहाच्या वातावरणात जड मूलद्रव्ये अपेक्षेपेक्षा बरीच कमी निघाली. गाभा जमवण्यासाठी जड मालच तर लागतो, आणि वरच्या वातावरणात तो नाही. मग तो खाली आतच अडकला आहे का? आप्पांच्या राखीव अर्ध्या हरकतीसाठी हे नवे खाद्य आहे.

टीओआय-६८९४ बी वर सगळ्यांचा डोळा आहे त्याचे कारण त्याचा थंडपणा. त्याचे तापमान सुमारे ४२० केल्विन, म्हणजे जेमतेम १५० अंश सेल्सियसच्या आत आहे. खेटून फिरणारे बहुतेक वायुग्रह हजार अंशांच्या वर तापलेले असतात. इतक्या थंड ग्रहावर मिथेनचे राज्य असावे, असा अंदाज आहे.

खारा वारा (१२ जानेवारी, रात्री १२:५०)

मास्तरांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे कोणी वळले नाही, म्हणून मी मालवणच्या गच्चीवरून लिहितो. मी गेली सहा वर्षे आठ इंची दुर्बिणीवर थंड करता येणारा कॅमेरा लावून ग्रहांची अधिक्रमणे टिपण्याचा खटाटोप करतो आहे.

टीओआय-६८९४ चा नाद सोडा. १७ टक्के घट ऐकून तोंडाला पाणी सुटते, पण तारा इतका मंद आहे की तो आपल्या कॅमेऱ्यात नीट उमटतच नाही. या सगळ्या लाल बटूंची हीच रड आहे. आपल्या शेजारचे चारांपैकी तीन तारे याच जातीचे असून त्यांतला एकही नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तुमच्यासाठी योग्य उमेदवार वास्प-४३ बी. तारा लाल बटूच्या उंबरठ्यावरचा, नारिंगी आणि थंड. तेज साडेबाराव्या प्रतीच्या आसपास. ग्रह गुरूच्या दुप्पट वस्तुमानाचा. फेरी साडेएकोणीस तासांची. आणि घट अडीच टक्क्यांची. अधिक्रमण सव्वा तासाच्या आत आटोपते, म्हणजे आधीचा आणि नंतरचा एकेक तास धरूनही मुलांना मध्यरात्रीपर्यंत घरी सोडता येते. फेब्रुवारी-मार्चमध्ये मघा नक्षत्राच्या दक्षिणेला, बावीस-तेवीस अंशांवर तो सापडेल.

आता फजितीची गोष्ट सांगतो. पहिल्या वर्षी अकरा वाजता मी मोजणी सुरू केली. बाराच्या सुमारास आलेख उतरू लागला. एक टक्का, दोन, तीन. मी बायकोला उठवले. पाच टक्के झाले तेव्हा मला घाम फुटला, कारण ग्रंथांत अडीचच लिहिले होते. दहा टक्क्यांवर मी टॉर्च मारून पाहिले, तर पुढच्या काचेवर दव असे साचले होते की बोटाने नाव लिहिता आले असते. खाडीवरचा खारा दमटपणा मध्यरात्रीनंतर काचेवर उतरतो आणि तो कुठल्याही ग्रहापेक्षा मोठे ग्रहण लावतो. नशिबाने त्याच चौकटीतले आणखी चार तारे मी सोबत मोजत होतो. तेही सगळे एकदमच मंदावले होते, म्हणून निदान चूक कळली. आपल्या ताऱ्याची तुलना शेजारच्या स्थिर ताऱ्यांशी सतत करणे हाच या उद्योगाचा गाभा आहे. आपला एकटा उतरला आणि बाकीचे जागच्या जागी राहिले, तरच ग्रह.

दुसऱ्या खेपेला काचेभोवती गरम होणारा पट्टा बांधला, तर ऐन वेळी वीज गेली. तिसऱ्या खेपेला क्षितिजावर एलईडी लावून मासेमारी करणाऱ्या बोटींचा असा काही झगमगाट होता की पश्चिमेकडचे आकाश दुधाळ झाले. सुदैवाने वास्प-४३ तोवर डोक्याजवळ होता. त्या रात्री तासाभरात ठिपके खाली आले, सपाट तळाशी थोडे रेंगाळले आणि पुन्हा वर गेले. वेडीवाकडीच का होईना, ती वाटी माझ्या गच्चीवर उमटली होती. त्या कागदाला मी लॅमिनेशन केले आहे.

फणसाचे गरे (१२ जानेवारी, सकाळी ८:२०)

वहिनींना पुन्हा उठवले का, हे आपण सोयीस्करपणे गाळले आहे.

खारा वारा (१२ जानेवारी, सकाळी ८:५५)

दुसऱ्यांदा उठवण्याची परवानगी नव्हती.

लाटांमागे (१२ जानेवारी, सकाळी ११:१०)

आपल्या देशात या ग्रहांवर काम चालते का?

वर्णपट (१२ जानेवारी, दुपारी २:००)

ग्रहशोध नक्कीच चालतो. अहमदाबादच्या भौतिकी अनुसंधान प्रयोगशाळेची माउंट अबूला गुरुशिखरावर वेधशाळा आहे. तिथल्या पारस आणि आता अडीच मीटर दुर्बिणीवरच्या पारस-२ या वर्णपटमापकांनी काही ग्रहांचे वजन केले. २०२३ मध्ये जाहीर झालेला तेरा गुरूंच्या वजनाचा टीओआय-४६०३ बी त्यांतला एक. पण ते सूर्यासारख्या किंवा त्याहून तापलेल्या ताऱ्यांभोवतीचे आहेत. ही उपकरणे दृश्य प्रकाशात पाहतात आणि आपले लाल बटू तिथेच सर्वांत कंजूष आहेत.

सड्यावरचा मास्तर (१३ जानेवारी, रात्री ९:२५)

मंडळी, आज वर्गात वर्णपटताईंचा हिशेब मी फळ्यावर जसाच्या तसा मांडला. पावणेसात आणि दहा हे दोन आकडे शेजारी लिहून मी विजयी मुद्रेने मुलांकडे पाहिले. होडीवाल्याची मुलगी काही क्षण पाहत राहिली आणि म्हणाली, "सर, हे लाकूड मोजले कधी? होडी बांधायच्या आधी की नंतर?" मी म्हटले, तबकड्या दुर्बिणीतून दिसतात तेव्हा मोजतात. त्यावर ती म्हणाली, "मग तुम्ही उरलेले लाकूड मोजले असेल. आमच्या खळ्यात आता या, तर चार फळ्या आणि भुसा दिसेल. होडी तर गेल्या पंधरवड्यातच पाण्यात गेली."

मला यावर काय बोलावे ते सुचेना. तिचे म्हणणे योग्य आहे का, हे कृपया कोणी सांगावे.

वर्णपट (१३ जानेवारी, रात्री १०:५०)

मास्तर, मी हा प्रतिसाद दोनदा वाचला. एक टक्क्याचा नियम मी ढोबळ म्हणून दिला होता, पण त्याला आधार आहे तो एक ते तीन दशलक्ष वर्षे वयाच्या तबकड्यांच्या मोजणीचा, आणि चिलीतल्या अल्मा दुर्बिणींनी त्या मोजल्या तेव्हा अनेकींत धूळ माझ्या आकड्यापेक्षाही कमी निघाली. ज्ञात ग्रह बांधायला ती पुरत नाही, हा काही वर्षे मोठाच पेच होता. त्यावर जी उत्तरे पुढे आली त्यांतले एक शब्दशः हेच आहे: आपण उशिरा पोहोचलो, ग्रहांचे गाभे आधीच बांधून झाले होते आणि आपण भुसा मोजला. २०१४ मध्ये अल्माने एचएल टॉरी या कोवळ्या ताऱ्याची तबकडी टिपली. ताऱ्याचे वय दहा लाख वर्षांच्या आसपासच आहे आणि तबकडीत रिंगणे व खाचा स्पष्ट दिसतात. म्हणजे काम फार लवकर सुरू होते. ताऱ्याच्या अगदी बालपणी तबकडीही बरीच वजनदार असते.

दुसरे उत्तर ॲलन बॉस यांनी १९९७ मध्ये मांडले होते: वजनदार तबकडी स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने फाटते आणि तिच्या तुकड्याचा थेट ग्रह होतो, गाभा लागतच नाही. जीजे ३५१२ च्या शोधकांनी याच वाटेकडे बोट दाखवले. टीओआय-६८९४ च्या शोधकांचा कल तिसरीकडे आहे. त्यांच्या मते गाभा धीम्या गतीने माल आणि वायू दोन्ही जमवत गेला आणि वायूचा लोंढा सुरू होण्याची पाळीच आली नाही, म्हणून तो ५३ पृथ्वींवर थांबला. यांतले खरे कोणते, ते वातावरणातल्या जड मालाच्या मोजणीवरून पुढे-मागे ठरेल.

आप्पा देवगडकर (१४ जानेवारी, सकाळी ६:४०)

माझी उरलेली अर्धी हरकत मी त्या मुलीच्या नावे करतो. शिल्लक पाहून जमा ठरवू नये, हे मी चाळीस वर्षे इतरांना सांगत आलो आणि इथे स्वतः विसरलो. सर्वांना तिळगूळ.

विजयदुर्गवासी (१४ जानेवारी, सकाळी ९:३०)

तिळगूळ घ्या. जुनी पोथी यांनाही. मुलांना सहलीला आणणार असाल तर ओट्यांवर मी स्वतः घेऊन जाईन आणि झान्सेन यांचेही नाव सांगेन.

खारा वारा (१४ जानेवारी, सकाळी ११:४५)

मास्तर, फेब्रुवारीच्या अमावास्येच्या आसपास रात्री अकराच्या आत आटोपणारे वास्प-४३ चे अधिक्रमण कोणत्या तारखेला आहे, ते मी काढून कळवतो आणि कॅमेरा घेऊन सड्यावर येतो. दुर्बीण सूर्य मावळतीलाच बाहेर काढून ठेवा, म्हणजे ती हवेशी जुळवून घेईल. दवाचा पट्टा माझ्याकडे आहे, पण शाळेच्या इमारतीपासून कातळापर्यंत वीज पोहोचवायची व्यवस्था करावी लागेल. तुलनेचे चार तारे मोजून वहीत लिहिणारा एक जागा माणूसही हवा.

सड्यावरचा मास्तर (१४ जानेवारी, रात्री ८:१०)

वहीसाठी माणूस ठरला आहे. तिने स्वतःच सांगितले. वायरीची सोयही तिच्या वडिलांनी केली आहे. होड्यांवर वापरतात ती शंभर फुटी वायर ते देणार आहेत आणि ती खाऱ्या पाण्यात भिजून झालेली असल्यामुळे दवाला भिणार नाही, असा त्यांचा निरोप आहे.